टिश्यूतली साखर मोजताना

ज्यांच्या घरात कुणाला स्वादुपिंडाचा आजार झालाय त्यांनी रिपोर्टवर सीए १९-९ हे नाव नक्की वाचलं असेल. बहुतेकांना ते एखाद्या प्रोटीनचं नाव वाटतं, पण ती साखरेची एक छोटी साखळी आहे, सायालिल लुईस ए नावाची, आणि १९७९ साली ज्या अँटिबॉडीने ती पकडली तिच्या नंबरावरून हे नाव पडलं. साधारण ५ ते १० टक्के माणसांच्या शरीरात ही साखळी बनवण्याची सोयच नसते, त्यांचा ब्लड ग्रुप लुईस निगेटिव्ह असतो, आणि अशा माणसाला गाठ असली तरी सीए १९-९ चा आकडा खालीच राहतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याचाच विचार करत बसले होते, कारण आपण रिपोर्टवरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवतो ना.

मी पुण्यात पाषाणला एका लॅबमध्ये काम करते, तोंडाच्या कॅन्सरच्या टिश्यूमधल्या अशाच साखळ्या, म्हणजे ग्लायकन, शोधायचं आणि मोजायचं काम. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच आहे आणि आपल्या भागात तंबाखू, गुटखा, बायकांमध्ये मिश्री, त्यामुळे ब्लॉकची, म्हणजे मेणात बसवून ठेवलेल्या टिश्यूच्या तुकड्यांची, कमतरता नाही, हे लिहितानाही वाईट वाटतं. काम काय आहे, कसं चालतं, आणि पेपरमध्ये 'नवीन बायोमार्कर', म्हणजे आजार ओळखायची शरीरातली खूण, 'सापडला' अशी बातमी येते तिच्या मागे काय काय असतं ते लिहायचं खूप दिवस मनात होतं.

आधी एक सांगते, कारण घरातले सगळे हेच विचारतात. आत्याने फोनवर विचारलं होतं, "अगं मग चहातली साखर बंदच करू का मी?" तर या त्या साखरेच्या गोष्टी नाहीत आत्या. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर जी प्रोटीन असतात त्यांच्यावर पेशी स्वतः बारीक फांद्यांच्या साखळ्या बांधते, मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, सायालिक ॲसिड असे तुकडे जोडून. प्रोटीनचा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो, या साखळीचा नसतो, पेशीच्या आत एंडोप्लाझमिक रेटिक्युलम आणि गॉल्जीमध्ये कुठलं एन्झाइम किती आहे, कोण आधी पोचलं, कच्चा माल किती होता यावर साखळी कशी होणार ते ठरतं. म्हणून पेशी बिघडली की साखळ्याही बदलतात, फांद्या वाढतात, बुंध्याशी फ्युकोज जास्त लागतो, टोकाला सायालिक ॲसिड वाढतं, काही ठिकाणी साखळी अर्धवटच राहते. लिव्हर कॅन्सरमध्ये एएफपी नावाचं प्रोटीन मोजतात, त्यातला बुंध्याशी फ्युकोज असलेला हिस्सा वेगळा मोजायची एक टेस्ट आहे, एएफपी-एल३, आणि तो हिस्सा ओळखतात मसुराच्या दाण्यातल्या एका प्रोटीनने! मसूर, शेंगदाणा, फणसाची आठळी, गव्हाचा अंकुर, या सगळ्यात लेक्टिन नावाची प्रोटीन असतात आणि प्रत्येक लेक्टिन ठराविक साखरेलाच चिकटतं. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

तर काम सुरू होतं कागदांपासून. माणसाचा टिश्यू म्हटलं की एथिक्स कमिटी आली. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे हॉस्पिटलच्या अर्काइव्हमधले जुने, तपासणी होऊन उरलेले, नाव काढून टाकलेले ब्लॉक असतील तर कमिटी नव्याने कन्सेंट घेण्यातून सूट देऊ शकते, पण नवीन ऑपरेशनचा टिश्यू घ्यायचा तर पेशंटशी बसून बोलावं लागतं. ते बोलणं मी मुद्दाम स्वतः करते. एक मावशी होत्या, जुन्नरकडच्या, गालाच्या आतल्या बाजूला गाठ, मिश्री लहानपणापासूनची. मी सगळं समजावून सांगितलं, ऑपरेशनमध्ये जे काढणारच आहेत त्यातलाच छोटा तुकडा, वेगळं काही कापणार नाही, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोरी, यातनं मला काय गुण येनार का?" मी सांगितलं नाही येणार मावशी, हे पुढच्या लोकांसाठी आहे, आणि तेही होईलच असं नाही. "मंग घे की, तुला उपेग होत आसंल तर," म्हणाल्या आणि अंगठा केला, साक्षीदार म्हणून त्यांच्या सुनेने सही केली. लॅबमध्ये ट्यूबवर फक्त कोड असतो, नाव मला दिसत नाही, पण ट्यूब हातात घेतली की एवढं तरी आठवतं की हे कुणाच्या तरी तोंडातून आलंय.

आमचे बहुतेक नमुने एफएफपीई असतात, म्हणजे फॉर्मलिनमध्ये टिकवून पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेले. फायदा हा की बर्फ लागत नाही, ब्लॉक वर्षानुवर्षं साध्या कपाटात राहतो, आणि फॉर्मलिनने प्रोटीन एकमेकांत गुंतली तरी साखळ्या बऱ्यापैकी शाबूत राहतात. मी स्लाइडचा डबा बॅगेत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाहून स्कूटीवर आणते, विद्यापीठ चौकात कितीही अडकलं तरी नमुन्याला काही होत नाही.

पण ब्लॉक आणि ब्लॉक यात फरक असतो. तुकडा ऑपरेशन टेबलवरून फॉर्मलिनमध्ये किती वेळाने पडला, फॉर्मलिनमध्ये किती तास होता, मोठा तुकडा न कापता तसाच टाकला होता का, हे सगळं स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे साखळ्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनच्या आलेखात, उतरू शकतं आणि जुन्या ब्लॉकवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

सेक्शन कापणारे काका म्हणजे या कामातला सगळ्यात कुशल हात असं माझं स्पष्ट मत आहे. ५ मायक्रॉनची पट्टी मायक्रोटोमवरून निघते आणि कोमट पाण्यावर दुधावरच्या सायीसारखी पसरते, ती सुरकुती न पाडता स्लाइडवर उचलायची. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते जी बाहेरच्या कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्याकडे बऱ्याच हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये सेक्शन चिकटावं म्हणून स्लाइडला अंड्याच्या पांढऱ्या भागाचं अल्ब्युमिन लावतात, जुनी चांगली पद्धत आहे, पण अंड्याच्या प्रोटीनवरही साखळ्या असतात आणि साखळ्या कापायला वापरतो ते आमचं एन्झाइम त्याही कापतं, मग मशीनमध्ये पेशंटबरोबर कोंबडीची साखरही दिसणार. काकांना म्हटलं अल्ब्युमिन नको लावूया, तर ते म्हणाले, "अहो मॅडम, धुताना सुटून जाईल की मग." बरोबर होतं त्यांचं. शेवटी पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइड आणून दिल्या, त्यावर बिना-अल्ब्युमिनचं चिकटतं. आणि इमेजिंगसाठी, म्हणजे साखर टिश्यूत कुठे आहे त्याचा नकाशा काढायला, ज्या स्लाइड लागतात त्यांची एकच बाजू वीज वाहून नेते, डोळ्याला दोन्ही सारख्या, म्हणून मल्टीमीटर लावून बाजू तपासून कोपऱ्यावर खूण करून द्यावी लागते.

मग पॅथॉलॉजिस्ट मॅडम शेजारच्या सेक्शनचं एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगांनी रंगवलेली स्लाइड, बघून पेनाने घेर काढून देतात, हा ट्यूमर, ही स्नायूची पट्टी, ही छोटी लाळग्रंथी, हे केराटिन, इथे अल्सर. हे मार्किंग नसेल तर पुढचं सगळं वाया आहे असं मी प्रत्येक नवीन स्टुडंटला सांगते. लाळग्रंथी म्हणजे साखरेचं कोठारच, ती थोडीशी जरी खरवडण्यात आली तरी नमुना वेगळाच दिसतो.

पुढचं वेट लॅबचं थोडक्यात. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलच्या पायऱ्यांनी टिश्यूला परत पाण्यात आणायचं, बफरमध्ये ९५ डिग्रीला गरम करायचं म्हणजे फॉर्मलिनच्या गाठी सैल होतात, मार्क केलेला भाग खरवडून ट्यूबमध्ये घ्यायचा आणि पीएनगेज एफ टाकून रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं. हे एन्झाइम म्हणजे कामाचा जीव. प्रोटीनमध्ये ॲस्पॅराजिनवर जी साखळी बसलेली असते ती अगदी मुळाशी, अख्खीच्या अख्खी कापून देतं. महाग आहे, थंडच राहावं लागतं, त्यामुळे पार्सल येणार त्या दिवशी कुणीतरी लॅबमध्ये हजर असलंच पाहिजे. पुण्यात गुरुवार हा लाईट-पाण्याच्या देखभालीचा वार, म्हणून बुधवारी रात्री आम्ही डायजेशन लावतच नाही, इन्क्युबेटर यूपीएसवर असला तरी नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक ट्यूब एन्झाइम न टाकलेली असते आणि एक ट्यूब रायबोन्यूक्लिएज बी या माहितीतल्या प्रोटीनची, ज्याच्यावर ५ ते ९ मॅनोजच्या साखळ्या असतात, म्हणजे मशीनवर १२५७, १४१९, १५८१, १७४३, १९०५ असे पीक, म्हणजे त्या त्या वजनाचे आलेखातले उंचवटे, ओळीने यायला हवेत, दोन पीकमध्ये एकेका हेक्सोजचं, म्हणजे मॅनोजसारख्या साखरेच्या एका तुकड्याचं, १६२ चं अंतर. ते आले नाहीत तर पेशंटचा डेटा बघायचाच नाही.

सायालिक ॲसिड फार नाजूक असतं, लेझर पडला की सुटून जातं, म्हणून आधी त्याला केमिकली बांधून घेतात. यात एक छान गोष्ट आहे. सायालिक ॲसिड शेजारच्या गॅलॅक्टोजला दोन पद्धतींनी जोडलेलं असू शकतं, २-३ किंवा २-६, वजन अगदी सारखं, मशीनला दोन्ही एकच दिसतात. पण इथेनॉलमध्ये ठराविक रिएजंटबरोबर तासभर ३७ डिग्रीला ठेवलं की २-६ वाल्याला इथाइल एस्टर लागतो आणि २-३ वाल्यातून पाणी निघून लॅक्टोन होतं, दोघांत ४६ चा फरक पडतो आणि जे सारखं दिसत होतं ते वेगळं दिसायला लागतं. हा फरक बघायची एवढी धडपड कारण बऱ्याच कॅन्सरमध्ये २-६ वाढल्याचं दिसलंय.

त्यानंतर साफसफाई, आणि ती होते चक्क कापसाने. पिपेटच्या टिपमध्ये कापसाचा दोरा भरायचा, ८५ टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये साखळ्या कापसाला धरून बसतात, मीठ-प्रोटीन वाहून जातं, मग साध्या शुद्ध पाण्याने साखळ्या सोडवून घ्यायच्या. कुठल्याही महागड्या कॉलमइतकं काम आमच्यासाठी हा दोरा करतो.

मग मॅल्डी, म्हणजे लेझरने साखळ्या उडवून त्यांचं वजन मोजणारं मशीन. थेंबभर नमुना, थेंबभर डीएचबी मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा शोषून घेणारं रसायन) स्टीलच्या प्लेटवर, वाळला की काठाने सुईसारखे क्रिस्टल दिसतात आणि लेझर मारायला चांगली जागा शोधावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की थेंब नीट वाळतच नाही, क्रिस्टल कुठे जाड कुठे पातळ, एकाच नमुन्याचे दोन थेंब वेगळे आकडे देतात. डिह्युमिडिफायर लावून खोली बंद ठेवतो आणि तरीही पावसाळ्यातली बॅच आणि उन्हाळ्यातली बॅच थेट शेजारी ठेवून तुलना करत नाही. म्हणूनच ट्यूमर आणि नॉर्मल कायम एकाच बॅचमध्ये, मिसळून, चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रम लावून चालवायचे. सगळे ट्यूमर सोमवारी आणि सगळे नॉर्मल शुक्रवारी चालवले तर सोमवार-शुक्रवारचा फरकच बायोमार्कर म्हणून छापला जाईल.

स्पेक्ट्रम पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सगळेच पीक कामाचे. तसं नसतं. आमच्याकडे एकदा १६२ च्या अंतराची एक सुंदर शिडी दिसत होती, १०१३, ११७५, १३३७, पण तीच शिडी एन्झाइम न टाकलेल्या ट्यूबमध्येही होती, म्हणजे पीएनगेज एफने कापलेलं ते काही नव्हतंच, नुसत्या ग्लुकोजच्या माळा, कापसातून म्हणा, टिश्यू पेपरमधून म्हणा, कुठूनही येतात. एन-ग्लायकनमध्ये, म्हणजे ॲस्पॅराजिनवर बसलेल्या या साखळ्यांमध्ये, मुळाशी एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन नावाचे दोन तुकडे असलेच पाहिजेत, या शिडीच्या वजनात ते बसत नव्हते. गेली ती शिडी बाहेर. आणि जो पीक खरा असतो त्याचं वजन सुद्धा फक्त एवढंच सांगतं की किती हेक्सोज, किती फ्युकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोजचं वजन तर एकच आहे, त्यामुळे रचना नक्की करायला साखळी मशीनमध्ये पुन्हा तोडून बघावी लागते किंवा दुसऱ्या एन्झाइमने टोकापासून एकेक तुकडा काढावा लागतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आमच्या पहिल्या सेटमध्ये १०७९ चा पीक ट्यूमरमध्ये नॉर्मलपेक्षा भरपूर जास्त येत होता. तीन मॅनोज, मुळाचे दोन एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन आणि एक फ्युकोज, अगदी आखूड साखळी, तिला पॉसिमॅनोज म्हणतात. ग्राफ इतका स्वच्छ होता की लॅबमध्ये सगळे उत्साहात, सर सुद्धा दोनदा येऊन बघून गेले. पण खरवडलेल्या टिश्यूत कुठल्या पेशीची साखर आहे हे कळत नाही, सगळं एकत्र झालेलं असतं. म्हणून त्याच ब्लॉकचे नवीन सेक्शन घेऊन इमेजिंग केलं.

इमेजिंगमध्ये टिश्यू खरवडत नाहीत. स्लाइडवरच एन्झाइमचा अगदी बारीक फवारा, मग दमट डबीत दोन तास, मग मॅट्रिक्सचा फवारा, आणि लेझर १०० मायक्रॉनच्या अंतराने पूर्ण सेक्शनवर फिरतो, प्रत्येक ठिपक्याचा वेगळा स्पेक्ट्रम. एफएफपीई टिश्यूवर ही पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत रुळली आहे. फवारा जरा ओला झाला की साखळ्या वाहून शेजारी जातात आणि नकाशा पुसट होतो, म्हणून थर बसवताना श्वास रोखून उभं राहावंसं वाटतं. मग एखादा पीक निवडला की स्क्रीनवर नकाशा उमटतो, ही साखर टिश्यूत कुठे कुठे आहे त्याचा.

१०७९ चा नकाशा उमटला आणि तो ट्यूमरच्या बेटांवर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्यांवर, नव्हता. वरच्या काठाला एक पट्टा होता, आणि आत एकदोन ठिकाणी डाग. मॅडमना बोलावलं, त्यांनी एच अँड ई शेजारी ठेवून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "हा तर अल्सर आहे गं, न्यूट्रोफिल भरलेत सगळे इथे." न्यूट्रोफिल म्हणजे जखमेवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या दाण्यांमध्ये पॉसिमॅनोज भरपूर असतं हे माहितीच आहे. तोंडातली गाठ वरून फुटते, अन्न लागतं, जंतू लागतात, न्यूट्रोफिल येणारच. म्हणजे तो पीक खरा होता, मोजणी खरी होती, फरक खरा होता, पण तो जखमेचा होता. साध्या तोंड आल्याच्या जखमेवरही न्यूट्रोफिल असेच जमतात. अल्सरचा भाग सोडून पुन्हा खरवडलं तेव्हा फरक बराचसा विरला.

मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. विचार करा, हाच पीक घेऊन कुणी थुंकीची टेस्ट केली असती आणि हिरड्या सुजलेल्या एखाद्या दादाला कॅन्सर सांगितला असता तर?

हाय-मॅनोजचे पीक, १७४३ आणि १९०५, मात्र ट्यूमरच्या बेटांवरच बसलेले दिसतात आमच्या मोजक्या सेक्शनमध्ये, स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही हाय-मॅनोज वाढल्याचं इतरांनी छापलंय. ही जागा धरून आम्ही पुढे चाललोय. पण याला बायोमार्कर म्हणायला मी अजून तयार नाही. नमुने कमी आहेत, एका वेळी पन्नास-साठ पीक तपासले की दोन-तीन निव्वळ योगायोगाने वेगळे दिसतात, ती दुरुस्ती करावी लागते, आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या ब्लॉकवर, दुसऱ्या हाताने केलेल्या प्रयोगात तेच दिसलं पाहिजे.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न नॉर्मल कशाला म्हणायचं. आम्ही ज्याला नॉर्मल म्हणतो तो त्याच पेशंटच्या गाठीच्या कडेचा, मायक्रोस्कोपखाली चांगला दिसणारा भाग. पण वीस-तीस वर्षं तंबाखू ज्या गालात धरली त्या गालाचा चांगला दिसणारा भाग तरी कितपत चांगला? १९५३ मध्येच तोंडाच्या कॅन्सरवरून हे मांडलं गेलंय की गाठीच्या आजूबाजूचं अस्तर दूरपर्यंत बदललेलं असतं. म्हणजे आम्ही बदललेल्याची तुलना थोड्या कमी बदललेल्याशी करतोय, आणि जो बदल सगळ्यात आधी होतो, जो आपल्याला खरा हवा आहे, तोच दोन्हीकडे असल्यामुळे वजाबाकीत निघून जात असेल.

त्यामुळे पुढच्या सेटसाठी तंबाखूला कधीच हात न लावलेल्या लोकांचं अस्तर हवं आहे आणि ते मिळण्याची एक चांगली जागा म्हणजे अक्कलदाढ काढताना कापून निघणारा हिरडीचा छोटा तुकडा, जो एरवी टाकूनच देतात. गालाचं आणि हिरडीचं अस्तर एकसारखं नसतं, त्यामुळे गाठ हिरडीची असेल तिथेच ही तुलना चालेल, पण सुरुवात तरी होईल. एथिक्स कमिटीकडे फाईल दिली आहे, मराठी कन्सेंट फॉर्म लिहून झालाय, एका डेंटल कॉलेजशी बोलणं चालू आहे, आणि यावेळी तुकडा फॉर्मलिनमध्ये कधी टाकला आणि कधी काढला याची वेळ प्रत्येक बाटलीवर लिहायची हे आधीच ठरवून घेतलंय. तुमची अक्कलदाढ काढताना कुणी असा फॉर्म घेऊन आलं तर घाई करू नका, बसवून घ्या, सगळे प्रश्न विचारा, नाही म्हणायचा हक्क आहेच, पण हो म्हणालात तर तो तुकडा आमच्यासाठी गाठीच्या तुकड्याइतकाच मोलाचा आहे.